न्हाई, नाय, नाही

जैबुनबाई शेखांनी माझ्या प्रोग्रॅममधली पहिली चूक काढली ती शुद्धलेखनाची. पडद्यावर मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'माहीती भरा'. बाईंनी चष्मा नाकावर सावरून ते वाचलं आणि म्हणाल्या, "माहितीतल्या हि-ला पहिली वेलांटी. बाकीचं नंतर बघू."

बाकीचं बघायला पुढं आम्हाला चार वर्षं लागली.

भोरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत बाईंचा टायपिंगचा क्लास होता. खाली पातेल्यापरातींचा खणखणाट, वर चौदा टाइपरायटरांचा खडखडाट, आणि या दोन्हींच्या मधून येणारा बाईंचा बारीक, स्वच्छ आवाज. बारावी झाल्यावर मी भोंगवलीहून एसटीनं तिथं मराठी टायपिंग शिकायला जायचे. नव्वदच्या दशकातले दिवस होते ते. टायपिंगची परीक्षा पास झालं की कुठल्यातरी कचेरीत चिकटता येतं, असं घरोघरी म्हटलं जायचं. मी कचेरीत चिकटले नाही, बाईंना चिकटले.

बाई शिकवताना आमच्या बोटांवर रुमाल टाकायच्या. अक्षरं बघायची नाहीत, हातांना शिकू द्यायचं. स्वतः खिडकीशी आमच्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "पाचव्या मशीनवर कोण आहे? करंगळीचं काम अनामिका करतेय." पाचव्या मशीनवरची मुलगी दचकायची. 'चूक' हा शब्द त्या वापरत नसत. 'हात घसरला' म्हणत. तपासलेल्या कागदावर घसरलेल्या अक्षराभोवती लाल गोल आणि शेजारी समासात कारण: 'घाई', 'नख वाढलंय', 'खिडकीबाहेर लक्ष'. एकदा माझ्या कागदावर तब्बल अकरा गोल होते आणि कारण एकच लिहिलं होतं, 'घरी काहीतरी झालंय'. माझे वडील त्या आठवड्यात दवाखान्यात होते. मी कुणाला बोलले नव्हते. बाईंनीही विचारलं नाही, फक्त त्या दिवशी मला लवकरची एसटी मिळावी म्हणून अर्धा तास आधी सोडलं.

कारण शोधल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. वरण करपलं तरी त्या कारण शोधत असाव्यात, असं मला वाटायचं.

पुढं कॉम्प्युटर आले आणि गावोगावचे टायपिंग क्लास बंद पडायला लागले. बाईंनी नऊ मशीनं विकली, पाच ठेवली आणि दोन कॉम्प्युटर घेतले. शिवऱ्याला हायवेवर त्यांच्या भावाचं गॅरेज होतं. त्यानं ते कॉम्प्युटर पुण्याहून टेम्पोत गाद्यांच्या मधे घालून, नवी नवरी आणावी तसे आणले. तोवर मी पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर झाले होते. शनिवारी सुट्टी असायची. बाईंचा निरोप आला, "उज्ज्वलाला म्हणावं, माझ्या हातांना हे नवीन मशीन समजावून सांग."

आमच्या कंपनीत तेव्हा विकी वापरात होती. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची पानं, जी वाचणाऱ्या कुणालाही उघडून बदलता येतात. तशीच एक छोटी विकी मी माझ्या हौसेखातर बाईंच्या कॉम्प्युटरवर तयार केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणालाही बदलता येतं?"

"हो."

"म्हणजे कुणालाही बिघडवता येतं."

"येतं. पण जुनं पान मागं जपलेलं असतं. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं बघता येतं."

बाई पडद्याकडं वाकल्या. "मग ही पाटी नाही, वही आहे. खोडलेलंसुद्धा वाचता येतं." तेव्हापासून तिचं नाव वही पडलं.

वहीत काय लिहायचं हे शोधायला आम्हाला कुठं जावं लागलं नाही, ते एसटीत सापडलं. दर बाजारच्या दिवशी बाई वेल्ह्याला दुसरा क्लास घ्यायला जात. तिथं वाचनालयाशेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं. जायला कापूरहोळ, नसरापूर करत चांगला वेळ लागायचा, आणि वाटेत एसटीतली सगळी माणसं एकमेकांना तेच प्रश्न विचारायची. वरच्या गावची गाडी चालू आहे का. घाटात दरड पडली ती काढली का. डॉक्टर कुठल्या वारी येतात. साप चावल्यावरची लस कुठल्या दवाखान्यात आहे. एकाला थोडं माहीत असायचं, दुसऱ्याला थोडं, आणि उतरल्यावर सगळं विरून जायचं. बाई म्हणाल्या, "हे वहीत पाहिजे." मग मी वही इंटरनेटवर चढवली, म्हणजे ती भोर, वेल्हे, पुणे, कुठूनही उघडता यावी.

सुमनताई त्या वेल्ह्याच्या क्लासातल्या. डोंगराच्या कुशीतल्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. पहिल्या दिवशी मी 'विकी, विकी' करत बराच वेळ बोलले तेव्हा त्यांनी हळूच बाईंना विचारलं, "बाई, ह्यो विकी कुनाचा पोरगा?" बाईंनी हसू दाबून सांगितलं, "हिचाच."

वहीत पानं वाढायला लागली तशी मी त्यात आज्ञा लिहायची सोय केली. दवाखान्याच्या पानावर दोन महिरपी कंस उघडायचे, दवाखान्याचं नाव, उभी रेघ, लस, उभी रेघ, आहे किंवा नाही, आणि दोन कंस बंद करायचे. मशीन सगळ्या पानांवरच्या अशा ओळी गोळा करून एकच यादी बनवायचं. आठवड्यातून एकदा बाई ती छापून भोरच्या आणि वेल्ह्याच्या स्टँडवर चिकटवायच्या. ज्यानं त्यानं आपल्या पानावर खरं लिहिलं की यादी आपोआप खरी होणार होती. मला माझाच अभिमान वाटत होता.

बाईंनी कीबोर्डवर महिरपी कंस शोधायला बराच वेळ घेतला. "हे चिन्ह माझ्या चौदापैकी एकाही मशीनवर नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्यावाचून कुणाचा एक अर्ज अडला नाही."

तिसऱ्याच आठवड्यात सुमनताई शेवटचा कंस विसरल्या. त्यांचं पान गेलं, आणि यादी सगळ्या पानांवरून बनायची म्हणून यादीही गेली. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीतली एक लाल ओळ राहिली. त्यांनी गुपचूप पिशवी उचलली आणि निघून गेल्या. पुढच्या बाजारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. शेवटी वरच्या गाडीच्या कंडक्टरनं बाईंना सांगितलं, "त्या म्हनत्यात, माज्या हातनं कंप्युटर मोडला."

बाई त्याच गाडीनं वर गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "तिनं मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, 'बाई, मला नोकरीवरनं काडत्याल का?' पंधरा वर्षं बाळंतपणं करणारी बाई आहे ती. तुझ्या एका कंसानं तिला घाबरवलं."

मी म्हणाले, "पण बाई, कंस बंद करायचा हे मी दोनदा सांगितलं होतं."

बाईंनी मला हाताला धरून कोपऱ्यातल्या जुन्या टाइपरायटरपाशी नेलं आणि दोन कळा एकदम दाबल्या. दोन काड्या वर उसळून एकमेकींत अडकल्या.

"काय झालं?"

"अडकलं."

"कुठं अडकलं ते दिसतंय?"

"दिसतंय."

"बाकीच्या मशीनला काही झालं? कागद फाटला?"

"नाही."

त्यांनी बोटानं काड्या सोडवल्या. बोटाला शाई लागली ती पदरापासून लांब धरत म्हणाल्या, "मला एवढंच पाहिजे. माणसाचा हात घसरणारच. घसरला तर तिथंच अडकावं, डोळ्यांना दिसावं आणि बोटानं सुटावं. सगळं मशीन बंद पडायला नको."

मला ते पटलं, जरा जास्तच पटलं. मी कंसच काढून टाकले. आता कुणीही कसंही लिहावं, मशीन समजून घेईल. 'लस आहे', 'लस आली', 'कालच लस मिळाली', काहीही चालेल. 'आहे' सांगायच्या तऱ्हा पन्नास, पण 'नाही' सांगायची एकच, असा मी विचार केला आणि मशीनला शिकवलं की लशीच्या ओळीत 'नाही' हा शब्द असला तर नाही, नसला तर आहे.

सगळे खूश झाले. सुमनताई परत आल्या. शाळेतले गुरुजी लिहायला लागले, कंडक्टर लिहायला लागले. बाईंनी माझं शुद्धलेखन सोडलं नसलं तरी वहीत लिहिणाऱ्या कुणाचं शुद्धलेखन त्या तपासत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "परीक्षेला शुद्ध. वहीत बोलतो तसं. तुझी गोष्ट वेगळी, तू शिकलीयस." फक्त त्या नव्या सोयीबद्दल त्यांनी एकदा विचारलं, "आहे आणि नाही, याशिवाय तिसरं काही असलं तर?"

"तिसरं काय असणार, बाई?"

त्या परत कागद तपासायला लागल्या. तो प्रश्न मला तेव्हा नीट ऐकूच आला नव्हता.

भातलावणीच्या दिवसांत, भर दुपारी, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला किसन नावाच्या तिशीच्या माणसाला बांधावर घोणस चावली. त्याचा भाऊ बबन याची जीप होती. बबननं आदल्या दिवशीच वेल्ह्याच्या स्टँडवरची यादी वाचलेली. यादीत सुमनताईंच्या दवाखान्यापुढं 'आहे' लिहिलं होतं, आणि तो दवाखाना शेतापासून जवळचा. त्यानं किसनला जीपमध्ये घातलं आणि वर नेलं.

लस तिथं नव्हती. आठवड्यापूर्वीच संपली होती.

सुमनताईंनी किसनच्या पायाला फळी बांधली, त्याला हलू दिलं नाही, दवाखाना शिपायावर सोडला आणि स्वतः जीपमध्ये मागं बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली निघाल्या. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जिथं खरोखर लस होती तिथं पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. वर जाण्यायेण्यात गेलेला तास फुकट गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला भोरला हलवलं. दोन दिवस तो वाचतो की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. मग लघवीतलं रक्त थांबलं, सूज उतरायला लागली आणि तो वाचला. पुढं बरेच महिने लंगडत चालायचा, नंतर तेही गेलं.

पण ते दोन दिवस अजून सरले नव्हते तेव्हाच मला बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच बारीक आणि स्वच्छ. "सुमननं काय लिहिलं होतं ते मागच्या पानांतून काढ. तारखेसकट छाप. आणि उद्या रजा टाकून ये."

मी मागची पानं उघडली. सुमनताईंनी लिहिलं होतं, 'लस न्हाई. सोमवारी येनार.'

मशीननं 'नाही' शोधलं होतं. त्या ओळीत 'नाही' नव्हतं. बोलतात तसं 'न्हाई' होतं. म्हणून मशीननं लिहिलं होतं, 'आहे'.

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी एसटीनं वर गेलो.  दवाखान्याच्या अंगणात वीसपंचवीस माणसं जमली होती. सुमनताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बबन ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो सरळ, शांतपणे म्हणत होता, "ताई, तुमीच लिवलं लस हाय म्हनून. आमी वाचून आलो. माजा भाऊ तिकडं पडलाय. आता तुमी म्हनता म्या न्हाई लिवलं."

"म्या खरंच न्हाई लिवलं तसं, बबन," सुमनताई म्हणाल्या. 

बाई अंगणात मधोमध गेल्या. पिशवीतून दोन कागद काढले. पहिला बबनच्या हातात दिला. "हे सुमननं लिहिलेलं. खाली तारीख आहे. मोठ्यानं वाच."

बबननं वाचलं. "लस न्हाई. सोमवारी येनार."

"आता हा दुसरा. स्टँडवर होता तो."

"आहे," बबन म्हणाला, आणि दोन्ही कागद शेजारीशेजारी धरून बघत राहिला. "म्हंजी? हितं न्हाई आन् तितं आहे?"

"सुमननं खरं लिहिलं. मशीनला ती काय म्हणाली ते कळलं नाही. त्यानं आपल्या मनानं 'आहे' करून टाकलं. आणि तो कागद मी माझ्या हातानं चिकटवला. चिकटवायच्या आधी मी पान आणि यादी ताडून बघायला पाहिजे होती. बघितली नाही. मशीनवर सोडून दिलं."

"आन् मशीनला ह्ये कुनी शिकवलं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. वाट बघत उभ्या राहिल्या.

"मी," मी म्हणाले. "मी शिकवलं. 'न्हाई' मी त्यात घातलंच नव्हतं."

 एक म्हातारे गृहस्थ मागून म्हणाले, "आरं, पन आपुन समदे न्हाईच म्हंतो की." ते कुणाला टोचून बोलले नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मला आजवर कुणी बोललेलं इतकं लागलं नाही.

बबननं कागदांची घडी घातली. सुमनताईंकडं गेला आणि म्हणाला, "ताई, चुकलं माजं." त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. बाई त्यांच्याशेजारी बसल्या. तिथून आम्ही तशाच भोरच्या दवाखान्यात गेलो. किसनच्या बायकोला बाईंनी हेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी न करता. ती ऐकत होती की नाही, मला कळलं नाही. बाई मात्र किसन घरी जाईपर्यंत रोज सकाळी तिच्यासाठी डबा घेऊन जात राहिल्या.

पुढच्या शनिवारी मी क्लासवर गेले ते सगळं ठरवूनच. आता मोकळं लिहिणं बंद. पडद्यावर फक्त दोन गोल, आहे आणि नाही. एकावर माउसनं टिचकी मारायची, झालं. तेही पासवर्ड टाकून. आणि ज्यांना लिहायचंच आहे त्यांनी शुद्ध 'नाही' लिहायचं, तशी सूचना लावू.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग वहीचं एक जुनं पान उघडायला सांगितलं. मागच्या हिवाळ्यातलं, सुमनताईंचंच. त्यात लिहिलं होतं, 'लस हाय पन फ्रीज बंद हाय, चार दिवस लाईट न्हाई, लशीचा भरवसा धरू नये.'

"हे तुझ्या कुठल्या गोलात बसेल?"

मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"नुसते गोल ठेवलेस तर ही वही राहणार नाही, अर्जाचा नमुना होईल. अर्जात लोक विचारलं तेवढंच सांगतात. आणि शुद्ध 'नाही'चं म्हणशील तर भाषा त्यांची आहे, मशीन आपलं आहे. बदलायचं तर मशीन बदल."

"पण बाई, मोकळं ठेवलं म्हणूनच तर हे झालं."

"मोकळं ठेवलं म्हणून नाही झालं. कळलं नसताना कळल्यासारखं केलं म्हणून झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वर्गात अशी मुलं असतात. उत्तर येत नसलं की काहीतरी ठोकून देतात. त्यांना मी पहिल्यांदा काय शिकवते? 'येत नाही' म्हणायला. तुझ्या मशीनला ते शिकव."

मग आम्ही जे केलं ते सांगायला अगदी साधं आहे. पानावरची पहिली ओळ मशीनची, थोडक्यात लिहायची. खालचं सगळं माणसांचं, पाहिजे तसं लिहावं. पहिली ओळ मशीनला स्पष्ट कळली तरच ती यादीत जाणार. कळली नाही तर यादीत 'माहीत नाही, विचारून घ्या', आणि लिहिणाऱ्याला तिथल्या तिथं मराठीत निरोप, 'सुमनताई, ही ओळ मला कळली नाही.' एकाच्या पानावर काही बिघडलं तर तेवढंच पान अडणार, यादी चालू राहणार. आठवडाभर कुणी पान बदललं नाही तर मशीननं आपणहून 'माहीत नाही' म्हणायचं. यादीत प्रत्येक ओळीपुढं लिहिल्याची तारीख. सांगायला साधं, करायला मला पावसाळा संपेपर्यंतचे सगळे शनिवार लागले.

त्या दिवसांत रमजान आला. बाईंचे रोजे चालू होते. तहानेनं ओठ सुकलेले असायचे, पण दुपारी मला चहा करून द्यायच्या आणि शेजारी बसून 'नाही' गोळा करायच्या. तो त्यांचा छंदच झाला. एसटीत, बाजारात, दर्ग्याच्या दारात, जिथं जातील तिथं लोक 'नाही' कसं म्हणतात ते ऐकायच्या आणि छोट्या वहीत टिपून आणायच्या. न्हाई, नाय, न्हाय, नाई. संपली, सपली, खलास, शिल्लक नाही, आलीच न्हाई, मिळंना. मी म्हणायचे पुरे, त्या म्हणायच्या अजून आहेत. हे सगळे शब्द वहीतच एका पानावर ठेवले, म्हणजे नवा शब्द सापडला तर माझी वाट न बघता कुणालाही भर घालता यावी.

एकदा त्या खूप वेळ एका ओळीवर अडून बसल्या. डोंगरातल्या एका आजोबांना त्यांनी लशीबद्दल विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, "कुटली आलीया लस."

"याचा अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "पण शब्द बघितले तर लस आलीय. हे कसं घालायचं?"

मी विचार करायला लागले, प्रश्नाचा सूर मशीनला कसा ओळखू येईल वगैरे. बाईंनीच मला थांबवलं. "राहू दे. हे जाऊ दे 'माहीत नाही'त. सगळंच समजायला पाहिजे असं कुठं आहे. मला तरी सगळ्यांचं सगळं कुठं कळतं." असं म्हणून त्यांनी ती ओळ खोडली, पण अशी की वाचता येईल.

पुढची तीन वर्षं ती यादी स्टँडवर लागत राहिली. दर वेळी चिकटवायच्या आधी बाई पान आणि यादी ओळ न् ओळ ताडून बघत, लाल पेन हातात घेऊन. मी म्हणायचे आता गरज नाही. त्या मान हलवायच्या आणि ताडत राहायच्या. घाटाचं पान कोण लिहायला लागलं सांगू? बबन. जीप घेऊन तो रोज तिकडून जायचा. बाईंकडं येऊन टायपिंग शिकला, दोन बोटांनीच, रुमाल टाकूनही तिसरं बोट उठेना. त्याची पहिली ओळ नेहमी एका शब्दाची असायची, 'बंद' किंवा 'चालू'. खालची मात्र वाचण्यासारखी. 'दरड पडली हाय पन कडंनं मोटारसायकल जाती, म्हातारी मानसं बसवू नये.' किसनच्या बायकोनं एकदा शेतातले वालाचे दाणे बाईंना पाठवले, पाच किलो तरी असतील. बाईंनी ते क्लासातल्या सगळ्यांना वाटले आणि मला कागदाच्या पुडीतून दिले. पुडीवर लाल पेनानं कारण लिहिलं होतं, 'खाण्यासाठी'.

माझा कंपनीतला एक मित्र सहज म्हणून भोरला आला होता. त्यानं वही उघडून बघितली, चार पानं वरखाली केली आणि मला म्हणाला, "एवढंच? हे तर फारच साधं आहे."

बाई पलीकडं कुणाचा तरी कागद तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी अवघड होतं. मेहनत करून साधं केलं."

सुमनताईंनी तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात स्वतः एक क्लास सुरू केला, गावोगावच्या आशाताईंसाठी. पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम चुकीची ओळ लिहिली, मशीनचा निरोप सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "बगा, त्याला कळलं न्हाई तर त्योच सांगतो. तुमी भिऊ नका." बाई मागच्या बाकावर विद्यार्थिनीसारख्या बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी बघितला. कुणी परीक्षेत पहिलं आल्यावरही तो इतका उजळल्याचं मला आठवत नाही.

मग माझी बदली दूरच्या शहरात झाली. निरोप घ्यायला मी भोरला गेले तर क्लासला कुलूप. भांड्यांच्या दुकानातले शेठ म्हणाले, बाई हायवेला भावाच्या गॅरेजवर गेल्यात, तिथून कुठंतरी वर जाणार आहेत. मी पुण्याच्या गाडीत बसले आणि शिवऱ्याला उतरून पाहू असं ठरवलं. उतरायची वेळच आली नाही. नसरापूरच्या फाट्याच्या अलीकडं आमची एसटी थांबली आणि समोरून बबनची जीप आली. मागची ताडपत्री वर बांधलेली. आत सुमनताई, दोन आशाताई आणि त्यांच्यामधे जैबुनबाई, मांडीवर कीबोर्डचं खोकं, हातात भाजलेलं मक्याचं कणीस. आणखी एका वरच्या गावाला वहीत पान पाहिजे होतं, तिकडं निघाल्या होत्या. त्या काहीतरी समजावून सांगत होत्या आणि बाकीच्या हसत होत्या.

मी खिडकीतून हाक मारली. बाईंनी वळून बघितलं. दुसरा हात खोक्यावर होता, तेव्हा त्यांनी कणीसच उंच धरून हलवलं. ओठांवर मिठाचे कण चमकत होते. "पत्ता लिहून ठेव वहीत," त्या ओरडून म्हणाल्या, आणि परत त्या बायकांकडं वळून अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं चालू केलं. जीप वळली आणि त्या बोलत बोलतच दिसेनाशा झाल्या.